आवृत्ती बदलताना : मूडल, मराठीचा पाठ आणि आपली जबाबदारी

'आवृत्ती' हा शब्द आपण ग्रंथाला लावतो आणि अलीकडे संगणकप्रणालीलाही लावतो. ग्रंथाच्या संदर्भात त्याचा अर्थ आपल्याला चांगला ठाऊक असतो. पुनर्मुद्रण वेगळे आणि नवी आवृत्ती वेगळी, हे आपण पदव्युत्तर वर्गात पहिल्याच सत्रात सांगतो. संपादकाने कोणती प्रत आधाराला घेतली, काय गाळले, काय दुरुस्त केले, याचा हिशेब त्याने प्रस्तावनेत द्यावा, असा आपला आग्रह असतो. आणि तो न देणाऱ्या संपादकाची परीक्षणातून गय केली जात नाही. महाविद्यालयाच्या संगणकावरील अध्यापनप्रणालीची आवृत्ती बदलण्याची वेळ आली की मात्र तेच आपण 'हे संगणकवाल्यांचे काम' असे म्हणून मोकळे होतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की अशा आवृत्तिबदलात जे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेले जाते ते मराठीतील लेखन असते. ते शाबूत पोचले की नाही, हे ठरवण्याची पात्रता तंत्रज्ञाजवळ नसून भाषेच्या अध्यापकाजवळ असते. आणि म्हणून ही जबाबदारी त्याने मागून घेतली पाहिजे.

हे म्हणणे अमूर्त राहू नये यासाठी राजापुरातील आमच्या महाविद्यालयाचा अनुभव येथे आधाराला घेतो. त्यात विशेष असे काही नाही. कोकणातील बहुतेक लहान महाविद्यालयांत थोड्याफार फरकाने हेच घडले असेल किंवा घडणार असेल.

१

मूडल ही प्रणाली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मार्टिन डुगियामास यांनी सिद्ध केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा मूळ आलेख खुला आहे. कोणत्याही संस्थेने तो विनामूल्य घ्यावा, स्वतःच्या संगणकावर बसवावा, हवा तसा बदलावा, अशी मुभा तिच्या परवान्यात आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था ती दीर्घकाळ वापरत आली आहे, आणि याच संस्थेच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने मूडल शिकवणारे पाठही तयार केले आहेत. मोठ्या संस्थांपुरता असलेला हा व्यवहार २०२० च्या टाळेबंदीने तालुक्याच्या गावापर्यंत आणला. वर्ग बंद, विद्यार्थी आपापल्या वाड्यांवर, आणि अभ्यासक्रम तर पुरा करायचा. अशा स्थितीत आम्हीही एका जुन्या संगणकाला सर्व्हर केले आणि त्यावर मूडल बसवले. आवृत्ती होती ३.९, जी त्याच वर्षी जूनमध्ये निघाली होती.

राजापुरात असा सर्व्हर स्वतः सांभाळणे म्हणजे काय, हे परगावच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. येथील वीज आणि आंतरजालाची जोडणी ही दोन्ही राजापूरच्या गंगेप्रमाणे आहेत : केव्हा प्रकटतील आणि किती दिवस मुक्काम करतील, याचा नेम नाही. पावसाळ्यात अर्जुना नदीचे पाणी जवाहर चौकात येते, ही येथे बातमी नसून वहिवाट आहे. चार महिन्यांच्या दमट हवेत पुस्तकांना जी बुरशी धरते तिच्यापासून यंत्रेही सुटत नाहीत. तरीही त्या दोन वर्षांत या सर्व्हरवर पुष्कळ लेखन साठले. नेटवर्क मिळावे म्हणून सड्यावर जाऊन बसणाऱ्या मुलांनी तेथूनच निबंध आणि उत्तरे धाडली. चर्चेच्या विभागात काही मुली वर्गात कधी बोलल्या नव्हत्या इतके मोकळेपणाने लिहू लागल्या.

सर्वांत मोलाचे काम झाले ते शब्दसंग्रहाच्या विभागात. घरी अडकलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही परिसराच्या बोलीतील शब्द वडीलधाऱ्यांकडून जमवायला सांगितले होते. तरवा, कवळ, भाजावळ, गडगा, पऱ्या असे शब्द अर्थासह, वापराच्या वाक्यासह आणि सांगणाऱ्याच्या गावासह नोंदले गेले. त्या संग्रहात काही शे नोंदी आहेत. त्या सांगणाऱ्या आज्यांपैकी काही आज हयात नाहीत. ही सामग्री दुसऱ्या कोठेही नाही. वहीत नाही, छापील नाही. ती त्या एका संगणकात आहे.

२

या पार्श्वभूमीवर आवृत्तिबदलाचा प्रश्न उभा राहिला. मूडलच्या प्रत्येक आवृत्तीला आयुर्मर्यादा असते. ठराविक काळापर्यंत तिच्यातील सुरक्षाविषयक उणिवा दुरुस्त करून दिल्या जातात, त्यानंतर नाही. ३.९ या आवृत्तीचा हा काळ २०२३ अखेर संपला. त्यानंतर सापडणारे प्रत्येक भगदाड उघडेच राहते. आपल्या सर्व्हरवर विद्यार्थ्यांची नावे, दूरध्वनी, गुण असा मजकूर असतो. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्यानंतर तर त्याविषयी बेफिकीर राहणे योग्यच नव्हे. तेव्हा 'चालते आहे ना, मग कशाला हात लावा' ही आपल्याकडची लोकप्रिय भूमिका येथे टिकत नाही. जुन्या आवृत्तीवर थांबणे म्हणजे दाराची कडी निखळली आहे हे ठाऊक असून रात्री दार नुसते लोटून घेणे होय.

पण नव्या आवृत्तीकडे एका उडीत जाताही येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेली ४.५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती असून तिची सुरक्षा ऑक्टोबर २०२७ पर्यंत सांभाळली जाणार आहे. म्हणून तिच्याकडे जाणे शहाणपणाचे. परंतु ४.५ मध्ये थेट शिरण्यासाठी आधीची आवृत्ती किमान ४.१.२ असावी लागते. याचा अर्थ ३.९ वरून आधी ४.१ च्या मालिकेतील अखेरची आवृत्ती गाठायची, ती नीट स्थिरावली की मग ४.५ कडे जायचे. प्रत्येक पायरीवर खालची जमीनही बदलावी लागते. ३.९ ला पीएचपी या भाषेची ७.२ ते ७.४ ही रूपे चालत; ४.१ ला ७.४ ते ८.१ चालतात, ४.५ ला किमान ८.१ लागते. मायएसक्यूएल हे माहिती साठवणारे कोठार ४.१ साठी किमान ५.७, तर ४.५ साठी किमान ८.० असावे लागते. आपण मधल्या काळात जोडलेली उपांगे नव्या आवृत्तीत चालतात की नाही, हेही आधी पाहावे लागते. ज्यांचे कर्ते ती सोडून गेले ती उपांगे मागेच राहतात, आणि त्यांच्यातील मजकूरही.

हे सर्व तांत्रिक आहे आणि ते तंत्रज्ञाने करावे, यात वाद नाही. वाद पुढे आहे.

३

मूडल हलवायचे म्हणजे नेमके काय हलवायचे? तीन गोष्टी : प्रणालीचा आलेख, माहितीचे कोठार आणि धारिकांचा संग्रह. पहिली गोष्ट कोठूनही पुन्हा मिळते. उरलेल्या दोन आपल्या असतात आणि त्या परस्परांवाचून निरर्थक असतात. २०१० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून मूडल कोणतीही धारिका तिच्या मूळ नावाने ठेवत नाही. धारिकेतील मजकुरावरून गणिताने काढलेली चाळीस चिन्हांची एक ओळ, हेच तिचे नाव. 'तुकारामांची अभंगवाणी' या नावाने चढवलेला लेख संग्रहात या निरर्थक ओळीच्या नावाने पडून असतो. तो कोणाचा, कोणत्या वर्गाचा, केव्हाचा, हे सारे कोठारात असते. कोठार हरवले आणि धारिका उरल्या, तर हाती येते ते पुष्पिका फाटलेल्या शेकडो पोथ्यांचे गाठोडे.

मराठीच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. महानुभावांचे ग्रंथ सकळ आदी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. पोथ्या मठांत सुरक्षित होत्या, पण किल्ली संप्रदायाबाहेर नव्हती. म्हणून विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींनी त्या लिपीचे कोडे उलगडेपर्यंत मराठीचे आद्य गद्य मराठी वाङ्मयेतिहासाला जवळजवळ अज्ञात राहिले. सामग्री टिकणे आणि ती वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा आपण तेथेच शिकलो आहोत. दुसरा धडा 'लीळाचरित्रा'चा. परंपरा सांगते की आक्रमणाच्या धामधुमीत त्याची मूळ प्रत हरवली आणि अनुयायांनी ते स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध केले. त्यातून पाठांची जी अनेकता निर्माण झाली तिचा गुंता आजचे संपादकही सोडवीत आहेत. एकच प्रत असणे म्हणजे प्रत नसणेच, हे त्यावरून समजावे.

म्हणून आवृत्तिबदलापूर्वी कोठार आणि धारिका यांच्या एकाच वेळी काढलेल्या, परस्परांशी जुळणाऱ्या प्रती हव्यात. एक सर्व्हरजवळ, एक महाविद्यालयात अन्यत्र, आणि एक गावाबाहेर. शेवटच्या अटीला आमच्या जिल्ह्यात विशेष अर्थ आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर शिरला तेव्हा तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाचीही मोठी हानी झाली. पाणी मूळ प्रत आणि तिची नक्कल असा भेद करीत नाही. दोन्ही एकाच गावात असल्या तर दोन्ही नेते.

४

आता मूळ मुद्दा. आम्ही आवृत्तिबदलाची रंगीत तालीम दुसऱ्या एका संगणकावर केली. हे काम करणारा तरुण कुशल आणि मनापासून काम करणारा होता. सायंकाळी त्याने सांगितले, "सर, झालं. एकही त्रुटी नाही." पडद्यावरही तसेच होते. विद्यार्थ्यांची संख्या जुळत होती, लेखांची संख्या जुळत होती, शब्दसंग्रहातील नोंदींची संख्याही जुळत होती. मी शब्दसंग्रह उघडला. तेथे शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या. तरवा म्हणजे चार प्रश्नचिन्हे, आणि त्याचा अर्थ म्हणजे प्रश्नचिन्हांच्या दोन ओळी.

घडले होते ते असे. जुन्या कोठाराची प्रत काढताना देवनागरी न ओळखणारा, केवळ युरोपीय अक्षरांचा वर्णसंच निवडला गेला होता. जे अक्षर त्या संचात नाही त्याच्या जागी यंत्र प्रश्नचिन्ह ठेवते आणि पुढे जाते. ते त्रुटी नोंदवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्रुटी घडलेलीच नसते. आणि हा बदल उलटा करता येत नाही : प्रश्नचिन्हातून 'त' परत निघत नाही. ही तालीम होती आणि मूळ संगणक शाबूत होता, म्हणून आम्ही प्रत पुन्हा, योग्य वर्णसंच लावून काढली आणि सर्व काही जसेच्या तसे मिळाले. तालीम न करता मूळ संगणक पुसून टाकला असता तर काय झाले असते, याचा विचार अजूनही अस्वस्थ करतो.

या प्रसंगात दोष त्या तरुणाचा मानणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्याने त्याच्या शास्त्राने सांगितलेली पडताळणी केली होती, म्हणजे संख्या मोजल्या होत्या. मजकूर वाचणे हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि ते सांगण्याचे काम ज्याचे होते तो, म्हणजे प्रस्तुत लेखक, दिवसभर अन्यत्र होता. लेखनिकाने पृष्ठे मोजावीत. ओळी वाचणे हे संपादकाचे काम. 

५

प्रश्नचिन्हे निदान दिसतात. न दिसणारे पाठभेद अधिक धोक्याचे. देवनागरीच्या संगणकीय लेखनाचा इतिहास पाहता असे पाठभेद अटळच होते. आपल्याकडे इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली १९८८ मध्ये ठरली आणि १९९१ मध्ये सुधारली गेली. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. पण प्रत्यक्षात दोन दशके आपण टंकन केले ते निरनिराळ्या कंपन्यांच्या ठशांत, ज्यांत पडद्यावर 'म' दिसत असला तरी आत रोमन अक्षराचाच संकेत असे. आमच्या जुन्या अध्यापकांच्या टिपणांच्या धारिका मूडलवर आहेत त्या अशाच. डोळ्यांना त्या मराठी आहेत, यंत्राला नाहीत. त्यांत शोध घेता येत नाही, आणि तो ठसा संगणकावर नसेल तर त्या वाचताही येत नाहीत.

युनिकोड आल्यावरही प्रश्न संपला नाही. मराठीला आवश्यक असलेले 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तोवर आपण 'अ' वर चंद्र देऊन काम भागवत होतो, आणि पुष्कळ जण आजही भागवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आत एक अक्षर एका संकेताचे आहे आणि दुसरे दोन संकेतांचे. 'पऱ्या', 'वाऱ्या' यांतील अर्ध्या 'र'चेही तसेच. तो 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापासून सिद्ध करता येतो, किंवा साध्या 'र'ला हलन्त करून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊनही. डोळ्यांना भेद नाही, यंत्राला आहे.

याचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. मूडलमध्ये लघूत्तरी प्रश्नाचे गुण यंत्र देते, आणि ते विद्यार्थ्याचे उत्तर अध्यापकाने आधी नोंदवलेल्या उत्तराशी संकेतशः ताडून पाहते. विरेचनाचा सिद्धान्त कोणाचा, या आमच्या प्रश्नाचे नोंदवलेले उत्तर जुन्या कळफलकावर टंकलेले होते. नवा भ्रमणध्वनी वापरणाऱ्या विद्यार्थिनीने 'ॲरिस्टॉटल' हेच उत्तर नव्या 'ॲ' ने लिहिले आणि तिला शून्य गुण मिळाले. ती तक्रार करायला आली ती संकोचत, आपलेच काही चुकले असेल अशा समजुतीने. तिचे काही चुकले नव्हते. दोन आवृत्त्यांच्या सांध्यात तिचा गुण पडला होता.

हे उदाहरण देण्याचे कारण असे की आवृत्ती केवळ मूडलची बदलत नाही. कळफलक बदलतो, ठसा बदलतो, मजकूर लिहिण्याची चौकट बदलते, वर्णमालेचे प्रमाणही बदलते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमाला अद्ययावत केली ती आपल्याच डोळ्यांसमोर. या सर्व आवृत्त्यांचे थर आपल्या प्रश्नसंचात एकावर एक साचलेले आहेत. त्यांचा उलगडा पाठचिकित्सेने होतो, आणि पाठचिकित्सा हा आपला विषय आहे. १८६९ मध्ये तुकारामांच्या गाथेच्या इंदुप्रकाश आवृत्तीच्या संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील प्रती मिळवून ताडून पाहिल्या. तेवढ्या श्रमाची अपेक्षा येथे नाही. ज्या नोंदींत 'ॲ', 'ऑ', 'ऱ्', जोडाक्षरे आणि अनुस्वार आहेत अशा पन्नास नोंदी निवडाव्यात, त्या आधी छापून ठेवाव्यात, आणि आवृत्ती बदलल्यावर नव्या पडद्याशी अक्षरशः ताडाव्यात. लघूत्तरी प्रश्नांत 'ॲ' आणि 'ऱ्' यांची दोन्ही रूपे मान्य उत्तरे म्हणून नोंदवावीत. ही दोन दुपारींची कामे आहेत, ती एम. ए. च्या विद्यार्थ्यांकडून करून घेतली तर पाठचिकित्सेचे प्रात्यक्षिकही होईल.

६

आवृत्तिबदलाच्या वेळी आणखी एक मोह होतो. हलवायचेच आहे तर जुने, निरुपयोगी ते काढून टाकावे, अशी सूचना कोणी तरी करतेच. आमच्याकडेही झाली. टाळेबंदीच्या काळातील चर्चा, अर्धवट निबंध, चुकीच्या शुद्धलेखनातील शब्दनोंदी हे सारे वगळले तर काम सोपे होईल, असे त्या सूचनेत होते. मला ती मान्य नाही, आणि माझा विरोध भावनेपोटी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आपण त्या कार्याचा गौरव करतो तो त्यांनी पाठ शुद्ध केला, त्यात भर घातली नाही, या संयमासाठी. परंतु त्याचबरोबर आधुनिक अभ्यासक एकनाथपूर्व पाठाचा शोध घेत राहिला आहे. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीचे महत्त्व त्या शोधातच आहे. शुद्धीकरण कितीही सद्भावनेने केले तरी शुद्धीपूर्वीची प्रत कोणाला तरी हवी असते. विद्यार्थ्याने 'चुकीचे' लिहिलेले बोलीतील रूप हेच उद्या बोलीच्या अभ्यासकाला एकमेव साक्ष ठरेल. म्हणून स्थलांतर आणि शुद्धीकरण ही दोन कामे एका वेळी कधीही करू नयेत. आधी आहे ते जसेच्या तसे न्यावे. काय वगळायचे ते नंतर, चर्चा करून, नोंद ठेवून ठरवावे.

७

एवढी यातायात कशासाठी, हा आक्षेप रास्त आहे. मोठ्या कंपन्यांच्या वर्गप्रणाली विनामूल्य मिळतात, तेथे आवृत्ती कोणी तरी दुसराच बदलतो, आणि आपल्याला ना पुराची चिंता ना पीएचपीची. पुष्कळ सहकाऱ्यांनी हाच मार्ग धरला आहे आणि त्यांना दोष देता येणार नाही. अध्यापकांच्या जागा रिकाम्या, तंत्रज्ञाचे पद मंजूर नाही, अशा महाविद्यालयाने सर्व्हर सांभाळावा असे म्हणणे हे जबाबदारीशिवायचे उपदेशकत्व ठरेल. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करून संस्थेमागे १०० टेराबाइटांची सामायिक मर्यादा घालण्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले आणि जुलै २०२२ पासून ते जुन्या संस्थांनाही लागू झाले. लहान महाविद्यालयाला ही मर्यादा कदाचित कधी जाणवणारही नाही. प्रश्न मर्यादेचा नाही. प्रश्न असा की तेथे आवृत्ती केव्हा बदलायची, काय ठेवायचे आणि कोणत्या अटीवर, हे ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही. भाड्याच्या घरात तुळशीवृंदावन बांधता येत नाही असे नाही. पण ते मालकाच्या मर्जीने उभे असते.

यावर मध्यममार्ग आहे. प्रत्येक महाविद्यालयाने वेगळा सर्व्हर चालवण्याऐवजी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मिळून एक मूडल चालवावे, आणि विद्यापीठाने आपल्या उपकेंद्राद्वारे त्याला आश्रय द्यावा. तंत्रज्ञ एक पुरेल. प्रती तीन ठिकाणी राहतील. आणि पडताळणीचे काम मराठीचे विभाग आळीपाळीने करू शकतील. मूल्यांकन समितीच्या भेटीपुरते मूडल चकचकीत करायचे आणि समितीची गाडी घाटापलीकडे गेली की त्याकडे पाठ फिरवायची, या आपल्या सवयीवरही सामुदायिक जबाबदारीमुळे थोडा वचक बसेल.

८

शेवटचा मुद्दा परिभाषेचा. मूडलचा पडदा अनेक भाषांत दिसू शकतो, त्यांत मराठीही आहे. हे भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले असते, आणि जेथे भाषांतर उपलब्ध नाही तेथे प्रणाली मुकाट्याने इंग्रजी वाक्य दाखवते. म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती नवी इंग्रजी वाक्ये घेऊन येते, आणि भाषांतराचे काम पुढे गेले नाही तर प्रत्येक आवृत्तीबरोबर पडद्यावरील मराठी थोडी थोडी आक्रसत जाते. याला कोणाचा कट म्हणता येणार नाही. ही आपलीच अनुपस्थिती आहे. 'सबमिट'ला 'सादर करा' पुरेसे आहे काय? परीक्षेतील 'ॲटेम्प्ट'ला 'प्रयत्न' म्हणावे की 'खेप'? 'एनरोल' म्हणजे 'नोंदणी' केली तर 'रजिस्ट्रेशन'ला काय उरते? भाषा संचालनालयाच्या कोशांत यांतील काहींना पर्याय सापडतील, काही नव्याने घडवावे लागतील, आणि काही ठिकाणी रूढ झालेला इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवणे शहाणपणाचे ठरेल. हा निवाडा तंत्रज्ञ करू शकत नाही. तो करायला भाषेचा कान लागतो. परिभाषेवर चर्चासत्रे घेणाऱ्या आपल्या विभागांनी एका सत्राऐवजी अशा वाक्यांची एक यादी पुरी करून पाठवली, तर तिचा उपयोग मराठीत शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला होईल.

आमच्या महाविद्यालयाचे मूडल आता ४.५ वर आहे. पडद्याची मांडणी बदलली, काही सहकारी त्याबद्दल कुरकुरतात. त्यांची कुरकुर रास्त आहे आणि ती ओसरेलही. शब्दसंग्रहातील प्रत्येक नोंद आम्ही तिघांनी छापील प्रतीशी ताडून पाहिली. 'पऱ्या' या शब्दाखाली एका विद्यार्थिनीने वापराचे वाक्य आणि आपल्या आजीचे गाव नोंदवले होते. ते दोन्ही जागच्या जागी आहे. पुढची आवृत्ती २०२७ च्या आत करावी लागेल. त्या वेळी कदाचित मी या खोलीत नसेन. म्हणून काय केले, कोणत्या क्रमाने केले, काय चुकले आणि कोणत्या पन्नास नोंदी ताडून पाहायच्या, हे आम्ही चार पानांत लिहून मराठी विभागाच्या कपाटात ठेवले आहे. नव्या आवृत्तीला प्रस्तावना असावी, एवढाच आमचा आग्रह होता. आणि तो आपल्या विषयाबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.